सगळं आलं, म्हणजे काय काय आलं?

पहिल्या कोटेशनवर एकच ओळ होती: ‘मॉड्युलर किचन, एल आकार, प्रीमियम फिनिश, ॲक्सेसरीजसह’. तिच्यापुढे एक गोल आकडा. खाली दुकानाचा शिक्का, सही, आणि कोटेशन किती दिवस चालेल याची तारीख. दुसऱ्या दुकानाचं कोटेशन पाच पानांचं होतं, पण त्यातली चार पानं संगणकावर काढलेल्या रंगीत चित्रांची. पाचव्या पानावर पुन्हा एक आकडा, पहिल्याच्या जवळजवळ दीडपट. तिसऱ्याने दर चौरस फुटाला दिला आणि एकूण किती ते मोजमाप घेतल्यावर सांगतो म्हणाला.

हे सगळे कागद समोर ठेवून मी तासभर बसले आणि त्यांवरून काहीच ठरवता येत नाही हे स्पष्ट झालं. महाग कोण, स्वस्त कोण हा प्रश्न पुढचा होता. आधी कळायला हवं होतं की हे सगळे एकाच वस्तूची किंमत सांगताहेत की नाही. कपाटं किती, ड्रॉवर किती, आतली फळी कसली, बिजागरी कुठली, ओट्याचा दगड यात आहे की नाही, यातलं काहीही कागदावर नव्हतं. फोन करून विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मॅडम, पॅकेजमध्ये सगळं आलं.” मी विचारायचे, “सगळं म्हणजे काय काय?” त्यावर पलीकडे थोडी शांतता, आणि मग, “तुम्ही एकदा शोरूमला या, समोर बसून समजावून सांगतो.”

शोरूमला मी गेले. पुन्हा पुन्हा गेले. माणसं नम्र होती, चहापाणी विचारत होती, शटर, म्हणजे कपाटाचं दार, उघडून सॉफ्ट क्लोज, म्हणजे ते न आपटता हळू कसं बंद होतं ते, दाखवत होती. यादी मात्र कुणी देत नव्हतं.

यातली पहिली गाठ मोजण्याच्या पद्धतीत आहे, हे मला एका कारागिराने कागदावर आकडे मांडून दाखवलं. स्वयंपाकघर तीन तऱ्हांनी मोजलं जातं. एक रनिंग फुटाने, म्हणजे भिंतीलगत ओटा किती लांब आहे त्यावर. दुसरं समोरून दिसणाऱ्या चौरस फुटांवर, म्हणजे कपाटाची रुंदी गुणिले उंची. आणि तिसरं प्रत्यक्ष लागणाऱ्या फळ्यांच्या क्षेत्रफळावर. ‘दर चौरस फुटाला’ हे शब्द दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही पद्धतींत सारखेच वापरले जातात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

एक साधं खालचं कपाट घ्या: ६०० मिमी रुंद, ७२० मिमी उंच, ५६० मिमी खोल, आत एक फळी. समोरून मोजलं तर ते साधारण ४.६५ चौरस फूट भरतं. आता त्याच्या फळ्या मोजा. दोन बाजू, तळ, पाठ, वरच्या दोन पट्ट्या, आतली फळी. बेरीज जवळजवळ २१ चौरस फूट होते, आणि शटर अजून धरलेलंच नाही. कपाट तेच, आकडा साडेचार पट. म्हणजे दुसऱ्याच्या निम्मा दर सांगणारा माणूस जर फळ्या मोजणार असेल, तर तो दुपटीहून महाग पडतो. मला मिळालेल्या कोटेशनांपैकी कुणीही आपण काय मोजणार आहोत हे आपणहून लिहिलं नव्हतं. विचारल्यावर मात्र सगळ्यांनी खरं सांगितलं, हेही नमूद करायला हवं. लपवण्यापेक्षा न सांगणं जास्त होतं.

रनिंग फुटाच्या हिशेबात कोपरा येतो. आमचा ओटा एल आकाराचा. एक भिंत ३ मीटर, दुसरी २.४ मीटर. दोन्हींची बेरीज ५.४ मीटर. पण कोपऱ्यातला ६०० मिमीचा चौकोन दोन्ही भिंतींच्या मापात येतो. तो एकदाच धरला तर लांबी ४.८ मीटर होते. फरक ६०० मिमीचा, म्हणजे खऱ्या लांबीच्या साडेबारा टक्के. हा फरक खालच्या कपाटांतही लागू होतो आणि ओट्याच्या दगडातही. कोपऱ्याचं कपाट बनवायला त्रासाचं असतं, त्यातली ॲक्सेसरी महाग असते, त्यामुळे कोपऱ्याचे जास्त पैसे लावणं मला मान्य आहे. ते ‘कोपरा’ म्हणून लावावेत, लांबी वाढवून नव्हे.

यादी का देत नाहीत, याचं कारण मी एका शोरूममधल्या डिझायनर मुलीला सरळ विचारलं. तिनेही सरळ उत्तर दिलं. ती म्हणाली, “मॅडम, आम्ही दोन-दोन दिवस बसून ड्रॉइंग काढतो. लोक ते घेऊन जातात आणि बाहेरच्या सुताराकडून करून घेतात. मापांसकट यादी दिली की आमचं काम फुकट गेलं.” हे खरं आहे. डिझाइनला वेळ लागतो, डोकं लागतं, आणि त्या वेळेचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत. पण मग ते उघडपणे मागावेत असं मला वाटतं. डिझाइन ‘मोफत’ म्हणायचं, त्याचा खर्च फळ्यांच्या दरात मिसळायचा आणि तो मिसळलेला दिसू नये म्हणून यादीच द्यायची नाही, यात शेवटी प्रामाणिक दुकानदाराचंही नुकसान आहे. त्याचं चांगलं प्लायवूड आणि शेजारच्याचा भुशाचा बोर्ड कागदावर सारखेच दिसतात.

मला याचं विशेष वाईट वाटतं, कारण या वस्तूचा जन्मच मोजमापातून झाला आहे. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते १.९ मीटर बाय ३.४ मीटरच्या जागेत बसत होतं. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाताना किती पावलं पडतात याचा अभ्यास करून त्यांनी प्रत्येक कपाटाची जागा ठरवली होती. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडावं म्हणून ठरलेल्या मापाचे सुटे भाग एकसारखे बनवायचे, हा त्यामागचा विचार होता. आजही कपाटांच्या आतली भोकं ३२ मिमीच्या अंतरावर पाडायची पद्धत जगभर चालते, म्हणून एका कंपनीची बिजागरी दुसरीच्या कपाटात बसते. इतकी मोजूनमापून केलेली वस्तू आहे ही. कारखान्यात तिचा प्रत्येक स्क्रू मोजलेला असतो. कटिंग लिस्ट, म्हणजे कुठली फळी किती मापाची कापायची याची यादी, असल्याशिवाय मशीनवर फळी कापताच येत नाही. म्हणजे यादी अस्तित्वात असते. ग्राहकापर्यंत ती येत नाही, इतकंच.

मग मी उलट बाजूने सुरुवात केली. एका स्वतंत्र डिझायनरला फी देऊन ड्रॉइंग करून घेतलं. वरून दिसणारा नकाशा, प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र, प्रत्येक कपाटाला क्रमांक. फी देताना घरात थोडी कुरकुर झाली, पण ते ड्रॉइंग माझ्या मालकीचं होतं आणि कुणालाही दाखवायला मी मोकळी होते. त्यावरून एक तक्ता केला. डावीकडे कपाटाचा क्रमांक आणि माप. पुढे कार्कस, म्हणजे कपाटाचा सांगाडा, कशाचा, शटर कशाचं, पाठीची फळी किती जाडीची, बिजागऱ्या किती आणि कुठल्या, ड्रॉवर किती आणि कुठल्या, हँडल कुठलं. शेवटचा रकाना किमतीचा, रिकामा. ओटा, सिंक, नळ, चिमणी, शेगडी यांच्या ओळी वेगळ्या. वाहतूक, फिटिंग, कर यांच्या वेगळ्या. हा तक्ता सगळ्यांना पाठवला आणि विनंती केली की एवढा शेवटचा रकाना भरून द्या, आणि एखादी वस्तू तुम्ही वेगळी देणार असाल तर ती काय ते लिहा.

काहींनी उत्तरच दिलं नाही. एकाने खाली फक्त एकूण आकडा लिहून तक्ता परत पाठवला. पण जे भरून आले, त्यांनी मला आधीच्या सगळ्या शोरूमभेटींपेक्षा जास्त शिकवलं.

कार्कसचंच बघा. पहिल्या कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफ बोर्ड’ होता. तक्त्यात तोच ‘ओलावारोधक पार्टिकल बोर्ड’, म्हणजे भुशाचा बोर्ड, झाला. या दोन्हींत फार अंतर आहे. ओलावारोधक म्हणजे दमट हवा, चुकून सांडलेलं पाणी वेळेवर पुसलं तर टिकेल. सिंकखाली पाइप गळत राहिला तर तो फुगणार. एका ठिकाणी मला बोर्डाचा आतला हिरवा रंग दाखवून “बघा, हिरवा आहे म्हणजे पाण्याचा” असं सांगितलं गेलं होतं. तो रंग निव्वळ ओळखीसाठी मिसळतात. पाण्याला अडवतो तो आतला डिंक. म्हणून मी सिंकखालच्या कपाटाला वेगळी ओळ केली आणि तिथे पाण्यात टिकणाऱ्या डिंकाचं प्लायवूड मागितलं, बाकी ठिकाणी बोर्ड चालेल असं लिहिलं. सगळीकडे महागातलं घ्यायची गरज नव्हती, पण हे कपाटागणिक किंमत समोर असल्याशिवाय ठरवता आलं नसतं. बोर्डातून फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू किती सुटतो याचा वर्ग, ई१ किंवा त्याहून कमी, हाही एक रकाना मी नंतर वाढवला. बंद घरात रोज वावरणाऱ्यांना त्याचं महत्त्व आहे.

पाठीची फळी कुठे ३ मिमीची निघाली, कुठे ८ मिमीची. कडांची पट्टी, म्हणजे एज बँडिंग, एकाने चारही बाजूंना धरली होती, दुसऱ्याने फक्त दिसणाऱ्या बाजूला. न दिसणारी कड उघडी राहिली की ओलावा तिथूनच शिरतो. चित्रात दोन्ही स्वयंपाकघरं तंतोतंत सारखी दिसत होती.

सगळ्यात मोठा फरक ड्रॉवरमध्ये होता. रुंदी तीच, उंची तीच, पण एका कपाटात दोन बिजागऱ्यांवर शटर आणि आत एक फळी, तर दुसऱ्यात लोखंडी बाजूंचे तीन ड्रॉवर, पूर्ण बाहेर येणारे, हळू बंद होणारे. यांच्या किमतींत काही पटींचा फरक पडतो. ड्रॉवरवर किती किलो वजन चालेल, ३० की ५०, यानेही किंमत बदलते. ‘ॲक्सेसरीजसह’ या एका शब्दात हे सगळं सामावलं जातं. ज्याचा आकडा सगळ्यात कमी होता, त्याच्या भरलेल्या तक्त्यात तीन ड्रॉवरच्या जागी शटर आणि तारेची एक टोपली होती. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे किंमत दिली होती. दोघांच्या डोक्यात दोन वेगळी स्वयंपाकघरं होती आणि मध्ये एकच आकडा होता.

कुणाच्याच पहिल्या आकड्यात नसलेल्या गोष्टी तक्त्यामुळे वर आल्या. बाजूचे दिसणारे पॅनल, भिंत आणि कपाट यांतली फट बुजवणाऱ्या फिलर पट्ट्या, खालचं स्कर्टिंग. दगडात सिंक आणि शेगडीसाठी पाडायची भोकं, दगडाच्या कडेचं पॉलिश, भिंतीलगतची उभी पट्टी. दगड वापरलेल्या क्षेत्रफळावर लावणार की पूर्ण स्लॅबवर, हाही प्रश्न. जुनं काढून टाकणं आणि त्याची विल्हेवाट. नळाची जागा हलवणं, विजेचे पॉइंट. सामान वरच्या मजल्यावर चढवणं. यातली एकेक गोष्ट लहान वाटते. बेरीज केली तेव्हा एका कोटेशनमध्ये ती मूळ आकड्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास गेली. हे खर्च अवाजवी नाहीत, कुणीतरी ते काम करतोच. पण ते आधी कळले तर माणूस लॉफ्ट नको म्हणेल, साधं हँडल घेईल. जुनं तोडून झाल्यावर कळले तर हातात काहीच पर्याय उरत नाही. किंमत कधी सांगितली जाते याला किमतीइतकंच महत्त्व आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

सवलतीबद्दलही सांगते. “आज बुक केलं तर तीस टक्के सूट” हे वाक्य मी जवळजवळ सगळीकडे ऐकलं. मी एकच विचारायचे: सूट कशावर? ज्या किमतीवर तीस टक्के कमी होणार, ती किंमत कुठल्या यादीत छापलेली आहे? ती यादी कधीच दाखवता आली नाही. मग मी सूट वजा करूनच आकडे लिहायला सांगितलं. एका ठिकाणी चिमणी मोफत होती. मी म्हटलं, “चिमणी माझ्याकडे आहे, ती काढून किंमत सांगा.” ती काढल्यावर एकूण आकडा जरासुद्धा बदलला नाही. मोफत वस्तू नको म्हटल्यावर आकडा हलत नाही, हे मी समजू शकते. पण मग तिचं वजन निर्णयात धरायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. सवलत आजच संपते असं सांगणाऱ्यांपैकी एकाचा पंधरवड्यानंतर त्याच सवलतीसह पुन्हा फोन आला.

तक्ता पूर्णपणे भरून देणारा एक छोट्या वर्कशॉपचा मालक होता. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांनी किमतीचा रकाना भरलाच, वर स्वतःहून दोन ओळी घातल्या. एक, भिंत काटकोनात नसल्यामुळे फिलर वाढू शकतो, त्याचा दर असा. दुसरी, त्यांची मजुरी आणि नफा मिळून किती टक्के. मी विचारलं, “काका, हे तर कुणीच लिहीत नाही. तुम्ही कसं काय लिहिता?” ते म्हणाले, “लिहिलं नाही तर तुम्ही बोर्डाच्या दरात घासाघीस करणार. मग मी बोर्ड हलका वापरणार. त्यापेक्षा माझे पैसे मला सरळ द्या आणि माल चांगला वापरू द्या.” हे उत्तर मला फार पटलं. किंमत झाकली की ग्राहक आंधळेपणाने ओढतो आणि ती ओढ शेवटी मालाच्या दर्जावर येते.

सगळे तक्ते एका वस्तूवर आणल्यानंतर चित्र पार बदललं. सुरुवातीला सगळ्यात स्वस्त असलेलं दुकान ड्रॉवर आणि पॅनल धरल्यावर महागाईत वरून दुसरं आलं. दीडपट वाटलेलं पाच पानी कोटेशन इतकं वाईट नव्हतं, कारण त्यात दगड आणि फिटिंग आधीपासून होतं. त्यांनी ते लिहिलं मात्र नव्हतं, आणि केवळ त्यामुळे ते माझ्या विचारातून बाद व्हायला आले होते. एकाच मालाच्या किमतींतला फरक उरला तो थोडा आणि समजण्याजोगा: शोरूमचं भाडं, वॉरंटीचा कालावधी, मशीनवरची सफाई. त्यासाठी जास्त पैसे द्यायचे की नाहीत, हा ज्याचा त्याचा निर्णय. निदान तो निर्णय घेता येतो.

काम त्या वर्कशॉपला दिलं. ते सर्वांत स्वस्त नव्हते. करारात तक्ता जोडला आणि त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. ‘किंवा समतुल्य’ असा शब्द बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पुढे होता, तो काढायला लावला आणि त्याऐवजी ‘बदल करायचा झाल्यास लेखी विचारून’ असं घातलं. पैसे टप्प्यांत बांधले: थोडे आगाऊ, अंतिम मापांच्या ड्रॉइंगवर सही झाल्यावर काही, माल घरी येऊन मोजल्यावर मोठा हिस्सा, आणि एक भाग सगळं बसवून शटरं सरळ झाल्यानंतर. प्रत्यक्ष मोजमाप घेतल्यावर किंमत बदलली तर ती तक्त्यातल्या दरानेच बदलेल, हेही लिहिलं.

फिटिंगच्या वेळी काकांचा अंदाज खरा निघाला. मागची भिंत वरपासून खालपर्यंत बरीच बाहेर आलेली होती, एका टोकाला फिलर रुंद करावा लागला आणि एक कपाट ५० मिमीने अरुंद. मुलांनी काम थांबवून मला बोलावलं. तक्ता काढला, फिलरचा दर बघितला, अरुंद कपाटाचे किती कमी होतात ते बघितलं. आवाज न चढवता दहा मिनिटांत हिशेब झाला आणि ते पुन्हा कामाला लागले. माल उतरवला तेव्हा बिजागऱ्या मोजून घेतल्या होत्या. उंच कपाटाच्या शटरला दोनऐवजी तीन लागतात, त्या तीनच होत्या. शेवटच्या बिलात मूळ तक्त्यापेक्षा वेगळ्या अशा चारच ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं होतं. मी शेवटचा हप्ता दिला आणि तो रिकाम्या रकान्याचा तक्ता काकांनी त्यांच्या पुढच्या ग्राहकांसाठी मागून घेतला.